अकराची सावली

८ जुलै

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ. वि. वि.

फोनवर तुला धड ऐकू येत नाही आणि कानाचं यंत्र तू ड्रॉवरमध्ये जपून ठेवतेस, म्हणून हे पत्र.

तुझ्या नातीची शाळा, म्हणजे माझीच जुनी शाळा, या वर्षापासून आठवड्यातून चारच दिवस भरते. शुक्रवारी कुलूप. वर्षभराचा प्रयोग आहे म्हणे. नव्या मुख्याध्यापकांनी मला घरी येऊन फायदे समजावले. मुलं ताजीतवानी राहतात, शिक्षकांना तयारीला एक दिवस मिळतो, बसचा फेरा वाचतो. मी विचारलं, मग तीनच दिवस का नाही, म्हणजे मुलं आणखी ताजी राहतील. चहा अर्धा ठेवून गेले बिचारे. एप्रिलमध्ये पालकसभा हे चालू ठेवायचं की नाही ते ठरवणार आहे आणि छत्तीस वर्षं त्या शाळेत काढलेली बाई म्हणून माझं मत मागितलं आहे. ते काय असेल हे तू न वाचताही सांगशील.

तुझी लेक हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत रक्त तपासते आणि जावई मालगाडी घेऊन आठवडा-आठवडा बाहेर, त्यामुळे शुक्रवारी भिंगरी आठ ते पाच माझ्याकडे. मी लगेच वेळापत्रक केलं. निवृत्तीच्या वेळी मिळालेली पितळी घंटा काढून पुसली. आठ-दहा गणित, दहा-अकरा शुद्धलेखन, अकराची घंटा झाली की पाव तास सुट्टी. सुट्टीत बाल्कनीच्या बाहेर जायचं नाही. दहा वर्षांची मुलगी, पण एका जागी बसेल तर शपथ. तिचं टोपणनाव तूच ठेवलंस, आता भोग.

काल पाहते तर बाल्कनीच्या फरशीवर तिच्या आईच्या नेलपॉलिशचे तीन लाल ठिपके. तीन शुक्रवार, तीन ठिपके. तिला समोर उभं केलं आणि दाढीच्या ब्लेडनं मी स्वतः खरवडून काढले. ओरखडे राहिले ते राहिलेच. ती रडली नाही, नुसती बघत होती.

लोभ असू दे, आणि उत्तर शाईनं लिही, पेन्सिलीनं नको.
तुझी,
ताई


२१ जुलै

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी एकटीच हसत होते. ह्यांना वाटलं, कानाबरोबर डोकंही गेलं. ताई, लहानपणी तू मला आणि शेजारच्या तिघांना जिन्यावर बसवून शाळा-शाळा खेळायचीस. आम्हाला वाटायचं खेळ आहे. तू हजेरी घ्यायचीस! साठ वर्षं झाली, तुझी शाळा काही सुटत नाही. मुख्याध्यापकांचा अर्धा चहा तरी तू नंतर प्यायलीस का, की त्याचीही वही तपासलीस?

थट्टा पुरे. भिंगरीला फार पिळू नकोस. माझी लेक तोंडानं सांगणार नाही, पण शुक्रवारी तू नसतीस तर तिला नोकरी सोडावी लागली असती. तिच्याबरोबरची एक जण सोडून बसलीसुद्धा. त्या दृष्टीनं चार दिवसांच्या शाळेवर माझाही राग आहे. मुलं ताजी आणि आया शिळ्या.

एकच विचारते. ते ठिपके कसले होते, हे तू तिला विचारलंस का?

ह्यांचा नमस्कार. दुकान अजून अर्धा दिवस उघडतात. हल्ली घड्याळं दुरुस्तीला कमी येतात, गप्पा मारायला माणसं जास्त येतात.

आहे तो लोभ तसाच राहो, छडी मात्र कमी होवो.
तुझी,
धाकटी


२३ सप्टेंबर

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ. वि. वि.

नाही, विचारलं नव्हतं. तू लिहिल्यावर विचारलं. कठड्याच्या लोखंडी खांबावर जो गोळा आहे, त्याची सावली अकराच्या घंटेला कुठे पडते ते ती मांडून ठेवत होती. का, तर पुढच्या शुक्रवारी सावली आपल्या घरी, त्याच जागी, परत येते का ते बघायला. मी म्हटलं, पेन्सिलीनं कर. तेव्हापासून दर शुक्रवारी एक बारीक वर्तुळ आणि त्याशेजारी तारीख. ढगाळ दिवशी ती नुसती तारीख लिहून पुढे फुली मारते. अक्षर चांगलं आहे, एवढं मान्य करते.

पण सहामाहीत गणितात सत्तेचाळीस! गेल्या वर्षी अडुसष्ट होते. पाच दिवसांचा अभ्यास चार दिवसांत कोंबला की असंच होणार. हा कागद मी पालकसभेसाठी जपून ठेवला आहे.

दुसरा पुरावा याहून वाईट आहे. तळमजल्यावर शिवणकारखान्यात जाणारी एक बाई राहते, तिच्या जुळ्या मुली भिंगरीच्याच वर्गात. गेल्या महिन्यात एका शुक्रवारी दुपारी जिन्यातून हुंदके ऐकू आले म्हणून खाली गेले. गळ्यात दोरीला किल्ली अडकवलेल्या दोघी पायरीवर बसलेल्या. किल्ली कुलपात फिरत नव्हती आणि दोघी सकाळपासून बाहेरच होत्या. सोमवार ते गुरुवार शाळेत दुपारचं जेवण मिळतं. शुक्रवारी बिस्किटांचा पुडा, तोही आत राहिलेला. दोघींना वर आणून जेवायला घातलं. एक जण खाता खाता झोपली. मुलं ताजीतवानी राहतात म्हणणाऱ्यांना ती झोपलेली मुलगी दाखवायला हवी होती.

आता शुक्रवारी तिघी येतात. बाकं नाहीत, म्हणून एक जण शिवणाच्या मशीनवर बसून शुद्धलेखन लिहिते.

प्रकृतीला जप आणि यंत्र कानात घाल. लोभ त्याशिवाय ऐकू यायचा नाही.
तुझी,
ताई


११ नोव्हेंबर

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ. वि. वि.

हे पत्र खरं तर तुझ्या घड्याळजींना आहे. त्यांना मोठ्यानं वाचून दाखव.

काल तुमच्या नातीनं मला सांगितलं की माझं घड्याळ मागे पडतं. माझं! ज्या घड्याळावर पोस्टमन आपलं मनगट जुळवतो ते! मी विचारलं, कशावरून. तर मला हात धरून बाल्कनीत नेलं. सावली लांबत जाते त्याचं तिला नवल नाही. थंडीत सूर्य खाली असतो हे पुस्तकात आहे. पण तिनं सगळ्या खुणांना माझी मोठी लाकडी पट्टी लावली होती. तिचं म्हणणं, घंटा दर वेळी अकरालाच झाली असेल तर खुणा एका रेषेत हव्यात. त्या नाहीत. जुलै-ऑगस्टच्या थोड्या एका बाजूला आहेत आणि आता चांगल्याच दुसऱ्या बाजूला गेल्या आहेत. सावली पाव तासात किती पळते हेही तिनं मोजून ठेवलं आहे. सुट्टी सुरू होताना एक खूण आणि संपताना एक. त्या मापानं, ती म्हणाली, मोठी आजी, तुझं घड्याळ एक अख्खी सुट्टी मागे आहे.

म्हणजे मुलांच्या हक्काचा पाव तास मी खाते, असा आरोप. जुळ्या दोघी एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या.

घड्याळजींना विचार, गेल्या मे महिन्यात त्यांनी हे घड्याळ साफ केलं तेव्हा आत काय घातलं?

राग गेल्यावर लोभ आहेच.
तुझी,
ताई


२५ नोव्हेंबर

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

पत्र मोठ्यानं वाचलं. ह्यांनी चष्मा काढला आणि जेवायला यायचं सोडून पुन्हा दुकानात जाऊन बसले. म्हणाले, माझ्या हाताखालून गेलेलं घड्याळ एक मिनिट जरी चुकत असेल तर पाटी उतरवतो. संध्याकाळी परत आले ते वेगळेच. खालचा मजकूर त्यांचाच. मी दम दिला, नीट लिहा, ताई लाल शाईनं दुरुस्त करून परत पाठवेल.

मोठ्या ताईंना नमस्कार. रेडिओवर वेळेचे ठोके लागतात त्याच्याशी घड्याळ ताडून बघा. ते बरोबर निघेल. पण मुलीचंही चूक नाही. मी शिकाऊ असताना माझे उस्ताद म्हणायचे, घड्याळ नाकासमोर चालतं, सूर्य नाही. सूर्य वर्षात कधी पुढे असतो, कधी मागे. माणसांनी सगळ्याची सरासरी काढून घड्याळ केलं. मी मान डोलवायचो, पण मनात म्हणायचो, म्हातारा काहीतरीच बोलतो. चाळीस वर्षं लोकांच्या घड्याळांतली पाच-पाच सेकंदं पकडली, एकदाही बाहेर जाऊन बघितलं नाही. ती मुलगी बाल्कनीच्या फरशीवर ते बघते आहे. तिला सांगा, थांबू नको. मला ते बघायचं आहे.

ताई, दुसऱ्या दिवशीही हे वेळेवर जेवले नाहीत. गच्चीत काठी उभी करून बसले होते.

लोभाचं घड्याळ आपल्या दोघींचं एकच, ते चालू राहो.
तुझी,
धाकटी


२३ डिसेंबर

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ. वि. वि.

रेडिओशी ताडलं. घड्याळ बरोबर आहे. भिंगरीला सांगितलं की दोघंही बरोबर आहेत, घड्याळही आणि तूही. तिनं विचारलं, मग चुकतं कोण? मी भूगोल एकोणतीस वर्षं शिकवला. फळ्यावर पृथ्वी काढायची, तिरकी रेघ मारायची, बाण दाखवायचे, पुढचा धडा. कोण चुकतं हे मला कुणी विचारलं नव्हतं, कारण तेवढा वेळच मी कधी कुणाला दिला नव्हता.

काल काय झालं ते लिहिते. हल्ली ती सावली बाल्कनी संपवून उंबरठ्यापर्यंत आली होती. काल अकराला घंटा वाजवली आणि बघते तर गोळ्याची सावली उंबरठा ओलांडून घरात, जेवणाच्या टेबलाखाली, भिंगरीच्या वहीच्या पिशवीजवळ. चौघी जणी टेबलाखाली वाकलो. कठड्यावरचा तो गंजका गोळा, मी गेली वीस वर्षं त्यावर फडकं वाळत घालते. त्याच्या सावलीनं पृथ्वी कशी डोलते ते माझ्या घरात येऊन सांगितलं. मला एकदम हलकं वाटलं आणि भीतीही वाटली, उंच गच्चीवरून खाली पाहिल्यावर वाटते तशी. आपण केवढ्या मोठ्या वस्तूवर बसून शुद्धलेखन घालतो आहोत, धाकटे!

भिंगरीनं वर्तुळ काढलं, तारीख घातली, आणि म्हणाली की आता ही परत फिरणार. कशावरून, तर गेल्या दोन खुणांमधलं अंतर अगदीच कमी झालं आहे, दमल्यासारखं.

काल सुट्टीनंतरचा अभ्यास झालाच नाही. ही गोष्ट कुणाला सांगू नकोस.

तुझ्यावरच्या लोभाला सुट्टी नाही.
ताई


१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

आजचं पत्र थट्टेचं नाही.

हॉस्पिटलनं माझ्या लेकीला कायम करायचं ठरवलं आहे. सात वर्षं वाट बघत होती. पण पाचही दिवस पूर्ण वेळ हवी, शुक्रवारची सवलत मागायची नाही, आणि एप्रिलअखेर सही. ती म्हणते, मोठी मावशी एकाहत्तर वर्षांची आहे, तिचे गुडघे बघवत नाहीत, मी आणखी किती वर्षं तिच्या जिवावर शुक्रवार काढू? शाळा पुन्हा पाच दिवसांची झाली तर ती सही करेल. नाही झाली तर नाही म्हणून सांगेल. तुला हे सांगायचं नाही अशी शपथ घातली होती. मी मोडली. बहिरी आहे, शपथ नीट ऐकू आली नाही असं म्हणेन.

तुझा शब्द त्या सभेत मोठा आहे. तुझं मत पहिल्यापासून विरुद्धच आहे, तेव्हा मला विनवावं लागू नये. तरी विनवते. सभेत ठामपणे बोल.

ह्यांची काठी वाऱ्यानं पडली आणि महिन्याच्या खुणा गेल्या. आता सगळी भिस्त तुमच्या फरशीवर, असं म्हणतात. परतीची सावली कुठून चालली आहे ते कळव.

माझ्यावरच्या लोभातला थोडा माझ्या लेकीला दे.
तुझी,
धाकटी


१५ एप्रिल

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझ्या पत्राला दोन महिने उत्तर दिलं नाही. काय लिहावं ते ठरत नव्हतं. छत्तीस वर्षांत माझं असं झालेलं तुला आठवत असेल तर सांग.

परतीची सावली गेल्या वाटेनं आली नाही. फेब्रुवारीत जातानाच्या आणि येतानाच्या वाटांमध्ये चांगलं वीतभर अंतर होतं. मग दोन्ही जवळ येत गेल्या. परवा शुक्रवारी, तेरा तारखेला, अकराला, ती सप्टेंबरच्या एक तारखेच्या खुणेला चिकटून पडली. दोन वाटांनी एकमेकींना छेद दिला. आता पुढे एक लहान फेरा उरला आणि तो जूनच्या अखेरीला पुरा व्हायचा, असा भिंगरीचा हिशोब. दहा शुक्रवार. सभा काल होती, आणि पाच दिवसांची शाळा झालीच तर ती जूनमध्ये शाळा उघडताच होणार होती. सभेत काय बोलायचं ते तिनं मला सुचवलं नाही. एकदाच विचारलं, मी शाळेत असेन तेव्हा तुला वाकून खूण करता येईल का. मी गुडघ्यांकडे बघितलं.

पर्समध्ये विरोधाचं दोन पानी पत्र होतं. सहामाहीचे सत्तेचाळीस त्यात होते. पण वार्षिकला एकाहत्तर आले आहेत, ते न सांगणं म्हणजे खोटं बोलणं झालं असतं. मार्चमध्ये मी न सांगता दोन वर्गांत मागे जाऊन बसले होते. शिक्षक तयारी करून येतात हेही खरं आहे. आणि जुळ्यांची किल्ली तितकीच खरी आहे. जिच्या घरी मोकळी आजी आहे, बाल्कनी आहे, तिला शुक्रवार म्हणजे आभाळ. जिच्या घरी कुणी नाही तिला कुलूप. माझी भाची या दोन्हींच्या मध्ये उभी.

पत्र पर्समध्येच ठेवलं आणि उभी राहिले. म्हटलं, शिकवणं चार दिवस राहू द्या. पण पाचव्या दिवशी दार उघडं ठेवा. दुपारचं जेवण द्या, वाचनालय उघडा, पाळीपाळीनं एक शिक्षक बसवा, आणि वेळापत्रक लावू नका. रिकामा वेळ द्यायचा तर त्याला छप्पर आणि ताट द्या, नाहीतर तो वेळ नव्हे, उपेक्षा आहे. मागून एक बँकेतले गृहस्थ म्हणाले, बाई, मग ती पाच दिवसांचीच शाळा की. मी म्हटलं, तुम्ही रविवारी घरात असता म्हणून घराची बँक होते का? हशा झाला. मुख्याध्यापकांनी हळूच विचारलं की शुक्रवारी सगळ्यांवर देखरेख कोण करणार. मग लक्षात आलं की एक हात वर आहे आणि तो माझा आहे.

अकरा मतांनी मंजूर झालं. पाचवं दार सगळी तयारी होऊन जूनअखेर उघडेल. तोवर आहे तसंच. तुझ्या लेकीनं आज सकाळी माझ्यासमोर कागदांवर सही केली. शपथ मोडल्याबद्दल ती तुझ्याशी दोन दिवस बोलणार नाही. तुला तसंही ऐकू येत नाही.

लोभ नेहमीचाच, आवाज थोडा बसलेला.
ताई


२५ मे

प्रिय आजी आणि आजोबांस,
सा. न. वि. वि.

मोठी आजी म्हणाली की वि. वि. लिहिलं तर पुढे काहीतरी विशेष लिहावं लागतं. तर विशेष हे, की दहातल्या सहा खुणा झाल्या आणि चार राहिल्या. एका शुक्रवारी ढग होते पण अकराला मध्येच भोक पडलं आणि आम्ही ओरडलो. मोठी आजी सगळ्यांपेक्षा मोठ्यानं ओरडली, नंतर म्हणाली की तिला खोकला आला.

तिनं आता स्वतःहून मला नेलपॉलिश आणून दिलं आहे, कारण पेन्सिल पुसली जाते. सगळ्या खुणा आम्ही लाल केल्या. माझ्या पहिल्या तीन मात्र नाहीत, त्या तिनं खरवडलेल्या आहेत. त्याबद्दल ती काही बोलत नाही पण रोज तिथे झाडताना हळू झाडते.

आजोबांनी जूनच्या बावीस तारखेला नक्की यावं. दुकानाला सुट्टी द्या. एक दिवस सुट्टी दिली की खूप काही दिसतं.

तुमची,
भिंगरी


२४ जून

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझे घड्याळजी उद्याच्या गाडीनं निघतील; त्यांच्या तोंडून हकीकत तुला अर्धीच ऐकू येईल, म्हणून हे पत्र त्यांच्याच हाती देते. तूही यायला हवं होतंस. कान लागले नसते, डोळे पुरले असते.

परवा दहापासूनच सगळे बाल्कनीत. भिंगरी, जुळ्या, घड्याळजी हातात भिंग घेऊन, तुझी लेक तासाभराची परवानगी काढून आलेली. आभाळ स्वच्छ. फरशीवर लाल ठिपक्यांचा तो मोठा फेरा, मग छेद, मग लहान फेरा, आणि त्या लहान फेऱ्याच्या तोंडाशी जागा मोकळी. जिथे माझे तीन ओरखडे आहेत तिथेच.

घंटा माझ्या हातात होती. घड्याळजींनी मनगटाकडे बघत मिनिटं मोजायला सुरुवात केली. मी त्या गोळ्याच्या सावलीकडे बघत होते. ती सरकताना दिसते, धाकटे. इतकी वर्षं मला वाटायचं की फक्त सरकलेली दिसते. आधी माझ्या ओरखड्याच्या काठाला लागली, मग हळूच वर चढली. गेल्या वर्षी मी ब्लेडनं जे खरवडून टाकलं ते सूर्यानं वर्षभर सगळीकडे फिरून आणून पुन्हा त्याच जागी ठेवलं. पहिल्या ओरखड्यावर, बरोबर मधोमध. माझ्याकडे रागानं न बघता.

मी कधी खाली बसले ते कळलं नाही. डॉक्टरांनी गुडघे टेकायला मनाई केली आहे. नंतर जुळ्यांनी दोन्हीकडून ओढून उभं केलं तेव्हा लक्षात आलं.

आणि घंटा वाजवायची राहिली. छत्तीस वर्षं आणि वर हे एक वर्ष, एकदाही राहिली नव्हती. भिंगरीनं माझ्या हातातून ती अलगद काढून घेतली आणि वाजवली. घड्याळजी म्हणाले, अकरा म्हणजे अकरा, सेकंदाचा फरक नाही.

ठिपका तिनं मला लावायला दिला.

पुढच्या शुक्रवारपासून शाळेचं पाचवं दार उघडतं. अठ्ठावन्न मुलांनी नावं दिली आहेत. मैदानात झेंड्याचा उंच खांब आहे, त्याला गोळा आहे. मुलांना मी तो दाखवणार नाही. बघू कुणाला दिसतो.

तुझा लोभ फिरून फिरून असाच माझ्याकडे येत राहो.
ताई